नाव, माध्यम आणि ज्योत : हळदणकरांच्या एका चित्राचे वाचन

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश तैलव्यक्तिचित्राचे वाचन बहुधा चौकटीवरील नावापासून सुरू होते. व्यक्ती कोण, तिचा हुद्दा कोणता, हे आधी कळते. चेहरा नंतर वाचला जातो. ही अकादमिक शिस्त मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आत्मसात करणाऱ्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे (१८८२–१९६८) ‘ग्लो ऑफ होप’ (१९४५-४६) म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. या चित्रात मात्र नावच लोपले आहे.

एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आड, आणि प्रकाश बोटांतून पाझरत मुखावर आलेला. समोर उभी होती चित्रकाराची कन्या गीता. परंतु शीर्षकाने तिला ‘आशे’चे रूपक केले. जवळच्या नंजनगूडला श्रीकंठेश्वराचे दर्शन घेऊन आलेल्या भाविकाला त्याच दिव्यात भक्ती दिसेल. दोन्ही वाचने सुसंगत आहेत. दोन्हींतून कन्या निसटते.

चित्रकाराचे नावही असेच निसटले. हे चित्र अनेकदा राजा रविवर्म्यांचे मानले गेले. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते. त्यांची ख्याती तैलरंगांची, आणि हे चित्र जलरंगातील. म्हणजे प्रसिद्ध नावाच्या दबावाखाली प्रेक्षकाने माध्यमच पाहिले नाही.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने शीर्षक हेही एक भाषांतर असते. येथे त्याने व्यक्तिचित्राचे प्रतीकात रूपांतर केले. प्रतीकाला लोकप्रियता लाभली. तिचे मोल मात्र पिता आणि कन्या या दोघांच्या विस्मरणाने चुकते झाले.