जऊळक्याचं सोयाबीन कोणत्या कप्प्यात?

ज्ञानशाखांच्या वर्गीकरणाबद्दल वाचायला घेतलंत, की अँथनी बिग्लनचा तक्ता समोर येतोच. तो पाठ करण्याआधी एकदा तपासून बघा.

आधी मॉडेल समजून घेऊ. बिग्लनचं काम १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानं इलिनॉय विद्यापीठातल्या प्राध्यापकांना ३६ विषय दिले आणि कोणता विषय कोणासारखा वाटतो, ते विचारलं. उत्तरांतून तीन अक्ष निघाले: विषय हार्ड की सॉफ्ट (म्हणजे प्रश्न आणि पद्धतींबद्दल अभ्यासकांचं कितपत एकमत आहे), शुद्ध की उपयोजित, आणि सजीवांशी संबंधित की नाही. असे आठ कप्पे झाले.

आता हे मॉडेल आपल्या शिवारात आणू. वाशिम जिल्ह्यातलं जऊळका. प्रश्न साधा आहे: हमीभाव जाहीर असताना शेतकरी सोयाबीन काढल्या काढल्या त्याहून कमी भावात का विकतो? २०२४-२५ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता.

हा प्रश्न घेऊन तुम्ही अमरावती विद्यापीठात अर्थशास्त्राकडे गेलात, तर तक्त्यात तुमची जागा सॉफ्ट, उपयोजित, सजीवांशी संबंध नसलेली. तोच प्रश्न घेऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राकडे गेलात, तर हार्ड, उपयोजित, सजीवांशी संबंधित. शेजारी कृषिविद्या आणि उद्यानविद्या! शेतकरी तोच, पोतं तेच, काटाही तोच. तरी तीनपैकी दोन अक्षांवर उत्तर उलटं.

असं का? मला वाटतं, प्राध्यापकांनी विषयाचं नाव आणि त्याचा शेजार बघून साम्य ठरवलं. त्यामुळे हा नकाशा ज्ञानाचा कमी आणि विद्यापीठातल्या विभागांचा जास्त आहे.

मग तो फेकून द्यायचा का? अजिबात नाही. बिग्लनच्याच दुसऱ्या लेखात दिसतं, की हार्ड विषयांतले लोक जास्त करून मिळून काम करतात आणि सॉफ्ट विषयांत ग्रंथलेखन अधिक होतं. तुम्ही जिथं जाणार तिथली रीत ओळखायला हा तक्ता कामाचा आहे. गाइड निवडताना तो जरूर बघा.

प्रश्न ठरवताना मात्र तो बाजूला ठेवा. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, २०२४ मध्ये ती १५ केली गेली. ओलावा मोजणं हे प्रयोगशाळेचं काम, पण माल केंद्रावर जाईल की व्यापाऱ्याकडे, हे त्यावर ठरतं. त्यात कृषी केंद्राची उधारी आणि घरात साठवायला नसलेली जागाही आलीच. कप्पा आधी धरलात, तर यातलं काहीतरी सुटणारच. आणि जे सुटलं तेच कदाचित तुमचं उत्तर असेल.

म्हणून सिनॉप्सिसला बसण्याआधी एवढं करा. विषयाचं नाव न घेता तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्याखाली काय मोजावं लागेल आणि कोणाला विचारावं लागेल, ते लिहा. विभागाचं नाव सगळ्यात शेवटी.