‘पगार’ आणि ‘पाग’ : व्युत्पत्तिविचारातील एक उणीव

‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज आहे, एवढे सांगून त्याची व्युत्पत्ती आटोपण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. हा निर्णय चुकीचा नव्हे. अपुरा मात्र खचित आहे.

पोर्तुगीज ‘पागार’ म्हणजे देणे चुकते करणे. त्याचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, आणि तेही ‘पाक्स’ म्हणजे शांतता या नामाच्या कुळातील. सीझर गॉल देश ‘शांत’ केल्याचे लिहितो ते याच क्रियापदाने. तेथे संबंध वेतनाचा नसून तलवारीचा आहे. पुढे धनकोला शांत करणे, त्याचे समाधान करणे, या वाटेने पैसे देण्याचा अर्थ आला. मराठीच्या अभ्यासकास हे अर्थांतर परके वाटू नये : तहान भागविली जाते, तसे देणेही भागविले जाते.

स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत स्वरांमधील ‘क’चा ‘ग’ झाला, इटालियनमध्येही ‘पागारे’, फ्रेंच ‘पेये’मध्ये ते व्यंजन ‘य’पर्यंत झिजले. अर्थ मात्र सर्वत्र पैशाचा. अपवाद रुमानियनचा. तेथील त्याच कुळातील ‘इंपका’ म्हणजे समेट घडविणे. पैसे देण्यासाठी त्या भाषेने स्लाव्ह शब्द स्वीकारला.

मराठीतील ‘पाव’ व ‘चावी’ यांच्यामागे पोर्तुगीज नामे आहेत. ‘पगार’चे तसे दिसत नाही. वेतनवाचक पोर्तुगीज नाम ‘पागा’. कोंकणी ‘पाग’ त्याच्याशी सरळ जुळतो. मराठी रूपातील अंत्य ‘र’ मात्र क्रियापदाच्या मूळ रूपाकडे बोट दाखवितो. (‘पगारदार’मध्ये पुढे त्यास फारसी प्रत्ययही जडला.) दालगादो यांच्या १९१३ च्या ग्रंथाने या अभ्यासाचा पाया घातला; परंतु त्याची मांडणी पोर्तुगीज शब्दांच्या क्रमाने असल्यामुळे शेजारच्या दोन भाषांतील असा भेद एका नोंदीच्या पोटात दडून राहतो.

तो उकलण्यास चंदगडसारखे क्षेत्र विरळा. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात असलेला व नंतर कोल्हापुरात आलेला हा तालुका गोव्यास जवळ असून त्याच्या बोलीवर कोंकणीची छटा स्पष्ट आहे. मात्र तेथे ‘पगार’ म्हणतात की ‘पाग’, एवढे विचारून भागणार नाही. काजूच्या हंगामातील रोजची मजुरी आणि नोकरीचे मासिक वेतन यांस एकच शब्द लागतो की दोन, हे नोंदीत वेगळे लिहावयास हवे. आणि त्यासोबत देणाऱ्याची व घेणाऱ्याची भाषाही.