स्वखर्चाचा ग्रंथ आणि मूकपटाचा आद्य शिल्पकार

ग्रंथ कोणाच्या पैशाने निघाला, हा प्रश्न समीक्षकाने विचारू नये, असा एक संकेत आहे. ग्रंथाचे मोल त्याच्या आशयावरून ठरावे, ही त्यामागील भूमिका योग्यच होय. परंतु मूकपटाच्या आरंभकाळातील एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र जेव्हा शासनाचे अनुदान किंवा मोठ्या प्रकाशनसंस्थेचे पाठबळ न घेता, पदरमोड करून अगर लोकवर्गणी जमवून काढले जाते, तेव्हा पैशाचा प्रश्न आशयापासून अलग राहत नाही. कोणत्या गोष्टी लिहावयाच्या आणि कोणत्या गाळावयाच्या, किती चित्रे द्यावयाची, मुद्रिते कोणी तपासावयाची, या साऱ्यांवर त्याची छाया पडते. म्हणून अशा ग्रंथांचा विचार थोडा निराळ्या अंगाने केला पाहिजे.

स्वतंत्र बळावर ग्रंथ उभा करण्याची परंपरा मराठीला नवी नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यामागे कोणतेही ऐश्वर्य उभे नव्हते. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशासाठी मंडळी स्थापून भागभांडवल जमविले. या दोघांच्याही कार्यात एक गोष्ट समान होती. द्रव्य लोकांकडून आले, तरी निर्णय अभ्यासकाच्या हाती राहिला. आज संगणकीय अक्षरजुळणीमुळे व थोड्या प्रती छापण्याच्या सोयीमुळे ग्रंथ काढणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. सोपे झाले नाही ते त्याच्या विधानांची सत्यता पारखणे.

उदाहरणादाखल दादासाहेब फाळके यांचेच चरित्र घ्यावे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, पुरातत्त्व खात्यात काम केले, आणि पुढे छपाईच्या धंद्यात लक्ष घातले. चित्रपटाकडे ते वळले ते असे मुद्रक व छायाचित्रकार होऊन. विमापत्रे गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्याकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले. कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी एकदम 'राजा हरिश्चंद्र' हाती घेतला नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसानुदिवस टिपून त्यांनी एक लहानशी फीत सिद्ध केली आणि ती दाखवून भांडवलदारांचा विश्वास संपादन केला.

या लहानशा प्रसंगात स्वखर्चाच्या ग्रंथकारासाठी मोठा धडा आहे. फाळक्यांनी आपल्या कष्टांचे भांडवल केले नाही. पुरावा पुढे ठेवला. घर गहाण टाकून ग्रंथ छापला, हे ग्रंथकाराच्या निष्ठेचे प्रमाण होईल. ग्रंथाच्या सत्यतेचे नव्हे. अशा ग्रंथांच्या प्रस्तावना मात्र पुष्कळदा अडचणींच्या वर्णनाने भरलेल्या असतात आणि विधानांना आधार शोधू लागावे, तर तो सापडत नाही.

या प्रकारच्या लेखनात तीन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष आद्यत्वाच्या हव्यासाचा. चरित्रनायक 'पहिला' ठरला नाही तर त्याचे मोल उणे होईल, अशी भीती लेखकास वाटते. दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईत दाखविला गेला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. पहिल्यात नाट्यप्रयोगाचे चित्रण होते, छायालेखक परदेशी होता आणि फितीवरील प्रक्रिया लंडनला झाली. दुसऱ्याची घडण आरंभापासून अखेरपर्यंत फाळक्यांच्या हातची होती. ही माहिती मांडून 'चित्रपट' या शब्दाचा आपण कोणता अर्थ घेतो, ते सांगावे. निवाडा वाचक करील. त्याहीपूर्वी १८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. एकाला थोर ठरविण्यासाठी दुसऱ्यांना अदृश्य करणे हा इतिहास नव्हे.

दुसरा दोष चित्रांविषयीच्या बेफिकिरीचा. मूकपटावरील ग्रंथात छायाचित्र हे शोभेसाठी नसते. तेच साधन असते. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उपलब्ध मानली जातात, आणि तीदेखील १९१३ ची नसून फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अशा स्थितीत चित्राखाली केवळ '१९१३' असे छापणे म्हणजे वादग्रस्त गोष्टीवर गुपचूप शिक्का मारणे होय. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे ठसे आणि रंग यांच्या अचूकपणासाठी घालविली, त्याच्याच चरित्रात हे व्हावे, हे विशेष खटकते.

तिसरा दोष मौनाचा. वर्गणीदारांत नायकाचे आप्त व चाहते असले म्हणजे लेखणी संकोचते. भागीदारांशी झालेले मतभेद, हिंदुस्थान फिल्म कंपनी सोडून काशीस केलेले वास्तव्य, बोलपट आल्यावर झालेली ओढाताण, 'गंगावतरण' हा १९३७ चा एकमेव बोलपट आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला उपेक्षेत झालेला शेवट, हा उत्तरार्ध चार ओळींत आटोपला जातो. वास्तविक यशाइतकेच या अपयशातही शिकण्यासारखे आहे. कारण कलावंत आणि भांडवल यांचे नाते तेथेच स्पष्ट दिसते. मौनाचा दुसरा बळी म्हणजे सहाय्यक. दागिने देणाऱ्या, मंडळींचा स्वयंपाक करणाऱ्या आणि फितीच्या कामातही हात लावणाऱ्या सरस्वतीबाई 'अर्धांगिनी' या एका विशेषणात संपतात. त्यांचे श्रम निर्मितीच्या प्रकरणात आले पाहिजेत, अर्पणपत्रिकेत नव्हे.

मग असे ग्रंथ निघूच नयेत काय? आमचे मत अगदी उलट आहे. व्यापारी प्रकाशकास या विषयात नफा दिसत नाही, आणि साधने तर दिवसेंदिवस नाहीशी होत आहेत. जुन्या फितींचे द्रव्य ज्वालाग्राही असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा अशा फितींचा मोठा साठा नष्ट झाला. जे चित्र पडद्यावर पुन्हा कधी दिसणार नाही, त्याची साक्ष जुनी जाहिरातपत्रे, पत्रव्यवहार, 'नवयुग' मासिकातील फाळक्यांचे लेख आणि १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीपुढील त्यांची साक्ष यांतूनच काढावी लागेल. हे काम कोणी पदरमोड करून करीत असेल, तर त्याचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु ऋण मानणे म्हणजे परीक्षण टाळणे नव्हे. फाळक्यांनी चित्रपटाची ओढ लागण्याचा प्रसंग नाताळातील म्हणून लिहिला. काही चरित्रे तो १९११ च्या ईस्टरमधील मानतात. चांगला चरित्रकार दोन्ही नोंदवील, स्वतःचा कल सांगेल आणि पुढे जाईल. अशा प्रामाणिकपणाने नायक लहान होत नाही. ग्रंथ मात्र विश्वसनीय होतो.

यात आपल्यासारख्या संस्थांचेही कर्तव्य आहे. प्रकाशनसमारंभास अध्यक्ष पुरविणे आणि पंचवीस प्रती विकत घेणे एवढ्यावर आपण समाधान मानतो. त्याऐवजी हस्तलिखित असतानाच दोन जाणकारांनी ते वाचावे, सनावळी तपासावी, सूची करून द्यावी आणि चित्रांखालील मजकूर पारखून घ्यावा. बडोद्यासारख्या ठिकाणी, जेथे चरित्रनायक स्वतः शिकला, तेथील शिक्षकांना तर हे काम आपलेच वाटावे. शालेय ग्रंथालयासाठी पुस्तक निवडतानाही ग्रंथकाराने किती सोसले हे विचारण्याआधी त्याने किती तपासले हे विचारावे. प्रकाशकाच्या पदरी असणारा संपादक स्वतंत्र ग्रंथकारापाशी नसतो. त्याची उणीव साहित्यसंस्थेने भरून काढली, तर स्वखर्चाचा ग्रंथ दुबळा राहण्याचे काही कारण उरणार नाही.