टाचेतला ध्वनी आणि पत्रकातले एक वाक्य

धाराशिव येथील एका मोफत अस्थितपासणी शिबिराचे पत्रक परिचयातील एका शिक्षिकेने मला आणून दाखवले. सोबत त्यांच्या तपासणीची चिठ्ठी होती. टाच यंत्रात ठेवून केलेल्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.६ आला होता आणि पुढे 'हाडे ठिसूळ' असा शेरा होता. बाई धास्तावल्या होत्या. पत्रकात खुलासा असा की, हाड जितके घन तितका त्यातून श्राव्यातीत ध्वनी वेगाने जातो, म्हणून हाडाची घनता कळते.

हे वाक्य तपासून पाहू या. पारा पाण्याच्या १३.६ पट घन आहे. पण ध्वनीचा वेग पाण्यात सेकंदाला सुमारे १४८० मीटर, तर पाऱ्यात सुमारे १४५० मीटर असतो. वेग केवळ घनतेवर ठरत नाही. पदार्थ दाबाला किती विरोध करतो, यावरही तो अवलंबून असतो.

टाचेचे हाड आतून जाळीदार असते. जाळीच्या काड्या मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीच्या असतात आणि पोकळ्यांत मज्जा असते. भरीव हाडात ध्वनी सेकंदाला साडेतीन-चार हजार मीटर वेगाने जातो. टाचेत मात्र तो सुमारे १५०० मीटर, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकाच भरतो.

आता वारंवारता पाहू. पाच मेगाहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी येथे ०.३ मिलिमीटर होते. असा तरंग जाळीत विखुरतो, शोषला जातो आणि पलीकडे फारसा पोहोचत नाही. अर्ध्या मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३ मिलिमीटर होते व तरंग पार जातो. म्हणून टाचेसाठी साधारण ०.२ ते ०.६ मेगाहर्ट्‌झ वापरतात. या पट्ट्यात वारंवारतेबरोबर क्षीणनही जवळजवळ सरळ रेषेत वाढते. त्या रेषेचा चढ मोजावा, ही कल्पना इंग्लंडमध्ये लँग्टन व सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडली. दाट जाळीत चढ तीव्र, विरळ जाळीत मंद. पत्रकात याचा उल्लेखही नाही.

शिवाय बियो यांनी १९५६ साली द्रवाने भरलेल्या सच्छिद्र खडकासाठी मांडलेला सिद्धांत सांगतो की, अशा माध्यमात एक जलद व एक मंद असे दोन अनुतरंग निघतात. होसोकावा व ओतानी या जपानी संशोधकांनी १९९७ साली बैलाच्या जाळीदार हाडात ते दाखवले. काड्यांची दिशा बदलली की हे तरंगही बदलतात. तेव्हा यंत्राच्या आकड्यात घनतेबरोबर जाळीची रचनाही मिसळलेली असते.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. उणे २.५ ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेसाठी ठरवली. ती टाचेच्या ध्वनिमापनाला जशीच्या तशी लावता येत नाही. यंत्र निरुपयोगी मुळीच नाही; किरणोत्सर्गाविना ते अस्थिभंगाच्या धोक्याची सूचना देते. पण सूचना म्हणजे निदान नव्हे. आकडा कमी आला तर घाबरू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने क्ष-किरण घनतामापन करावे. आकडा चांगला असूनही साध्या पडण्याने मनगट मोडले असेल, तर निर्धास्त राहू नये. बाईंनाही मी हेच सांगितले.

पत्रक लिहिणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण 'घन माध्यमात ध्वनी वेगवान' हे वाक्य तो कोठे शिकला? आपल्याच वर्गात. ध्वनीचा पाठ घेताना पारा व पाणी यांचे आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना कारण विचारावे.