राक्षसाची कैफियत आणि जस्टीनची फाशी

१ जानेवारी १८१८. भीमेच्या काठी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली आणि तीत महार शिपाई लढले. हा दिवस आपल्याला कुणी शिकवायला नको. १९२७ साली बाबासाहेब त्या स्तंभापाशी उभे राहिले, तेव्हापासून तो आपला झाला. त्याच तारखेला तिकडे लंडनात एक कादंबरी बाहेर पडली, 'फ्रँकेन्स्टाइन'. लिहिणारी मेरी शेली. लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची पोर, आणि छापलेल्या पुस्तकावर तिचं नावसुद्धा नाही. हा निव्वळ योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करू बघत नाही. पण तारीख कळली त्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं, हे खरं.

लोकांना माहीत असतो तो सिनेमातला राक्षस. चपटं डोकं, मानेत खिळे, तोंडातून नुसती गुरगुर. १९३१ साली बोलपट काढला, आणि बोलपटातही ह्याला मुकाच ठेवला! मी आधी वाचलेल्या मराठी संक्षिप्त पुस्तकातही त्याचं बोलणं दीड-दोन पानांत उरकलं होतं. मग रातपाळी सुटली की डिक्शनरी घेऊन मूळ इंग्रजी वाचायला लागलो. तीन महिने गेले. तेव्हा कळलं की पुस्तकाच्या बरोबर पोटात तो एकटा, प्रकरणामागून प्रकरण, बोलतो आहे. आपल्याकडे ज्याला आत्मकथन म्हणतात, तेच ते.

व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा शिकलेला, चांगल्या घरचा तरुण. मेलेल्यांचे अवयव जोडून तो एक देह उभा करतो, आणि त्या देहानं डोळे उघडताच पळून जातो. त्याला नाव ठेवत नाही. आजही लोक त्या बिननावाच्याला मालकाच्याच नावानं हाक मारतात. ज्यांची ओळख पिढ्यान् पिढ्या वतनावरून आणि मालकावरून झाली, त्यांना ह्यात नवल वाटू नये.

तो एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीला फट आहे. आत एका परदेशी बाईला भाषा शिकवतात आणि हा फटीतून शिकतो. रात्री त्या घरासाठी गुपचूप सरपण आणून टाकतो. जंगलात त्याला तीन पुस्तकं सापडतात, त्यातलं एक मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट'. ती वाचून त्याला कळतं की आपण कोण नाही. शाळेच्या ओट्याबाहेर बसून अक्षरं गिरवलेला आजा-पणजा ज्यांच्या घरात होऊन गेला, त्यांनी ही पानं वाचताना स्वतःला सांभाळावं. मला जमलं नाही.

त्या घरातला म्हातारा आंधळा आहे. तो ह्याचं बोलणं ऐकतो, मायेनं बसवून घेतो. तेवढ्यात डोळस पोरगा येतो आणि काठीनं झोडपतो. म्हाताऱ्याची माया खोटी नव्हती. पण ती आंधळेपणावर उभी होती. पुढे हाच राक्षस नदीत वाहून चाललेली मुलगी बाहेर काढतो आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारून टाकली. भिक्षा मागत फिरणारी माणसं. पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून फिरत होती, आणि त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलायला गेला, असं बातम्यांत आलं. राक्षस घडवायला प्रयोगशाळा लागत नाही. अनोळखी चेहरा पुरतो.

आता सहानुभूतीकडे येतो, कारण आपल्या साहित्यावर लिहिणाऱ्यांचा हा लाडका शब्द. बर्फाच्या डोंगरावर राक्षस आपली सगळी कहाणी व्हिक्टरला सांगतो. व्हिक्टरचं मन द्रवतं. तो स्वतःच सांगतो की मला दया येत होती, पण त्या देहाकडे बघितलं की शिसारी यायची. म्हणजे ऐकताना दया, बघताना शिसारी! राक्षस नुसती दया मागत नाही. तू मला केलंस, तेव्हा माझ्यासारखी एक सोबतीण मला दे, हा माझा हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. व्हिक्टर कबूल होतो, कामाला लागतो आणि अर्धीमुर्धी झालेली ती बाई त्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. ह्यांची प्रजा वाढली तर काय, ही भीती. आणखी एक बारीक गोष्ट. राक्षसाची कैफियत आपल्यापर्यंत थेट येत नाही. ती व्हिक्टर सांगतो, वॉल्टन नावाचा खलाशी लिहून घेतो, आणि ती टिपणं व्हिक्टर मागून घेऊन स्वतः दुरुस्त करतो, वाढवतो. प्रस्तावनेत आपल्याबद्दल कळवळ्यानं लिहिणाऱ्या विद्वानांची मला इथं आठवण झाली.

ह्याउलट जोतीराव फुले. १८७३ च्या 'गुलामगिरी'त ते बळीराजासाठी दयेचा एक शब्द मागत नाहीत, हिशोब मागतात. दारी आलेल्याला दान देणारा पाताळात आणि मागायला येऊन डोक्यावर पाय ठेवणारा देव, हे कुणी लिहिलं? राक्षस म्हणजे रक्षक आणि म्हसोबा म्हणजे महासुभा, बळीच्या राज्यातला अधिकारी, असं ते सांगतात. ही व्युत्पत्ती व्याकरणवाल्यांना पटो न पटो. पण गावाच्या शिवेवर शेंदूर फासून बसलेल्या दगडाला त्यांनी हुद्दा परत दिला. एका घरात बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात आणि दुसऱ्या घरात पिठाचा बळी करून त्याचं पोट फाडतात, हेही त्यांनी त्याच पुस्तकात नोंदवून ठेवलं. मेरी शेलीनं राक्षसाला बोलायला दिलं. फुल्यांनी राक्षस हे नावच कोर्टात उभं केलं.

इथपर्यंत मला सोपं गेलं. ह्याच जोरावर मी 'मी राक्षस' म्हणणारी एक कविता लिहिली आणि ऐरोलीत जयंतीच्या कार्यक्रमात वाचली. टाळ्या पडल्या. त्या रात्री घरी भाकरी गार म्हणून मी ताट भिरकावलं. बहिणीनं खाली पडलेलं कालवण पुसलं आणि विचारलं, "दादा, राक्षस तू, मग मी कोण रे?" मी काही बोललो नाही.

पुस्तकात ह्याचं उत्तर होतं, मी ते पान भराभर उलटून पुढे गेलो होतो. राक्षस व्हिक्टरच्या लहान भावाला, विल्यमला, गळा दाबून मारतो. पुढे मित्राला मारतो, नव्या नवरीला मारतो. त्याला व्हिक्टरनं केलं म्हणून हे खून व्हिक्टरच्या खाती टाकायचे का? मी टाकत होतो. पण पोराला मारल्यावर त्याच्या गळ्यातली तसबीर तो घेतो आणि वाटेत एका गोठ्यात झोपलेल्या जस्टीनच्या कपड्यात सरकवतो. जस्टीन त्या घरची कामवाली. राक्षसाचं तिनं काही केलेलं नाही. ती जागी झाली तर मला शिव्याच देईल, एवढाच त्याचा विचार. निदान ह्या एका क्षणी तो मोकळा होता. तुडवला गेलेला माणूस आपल्याहून खालचं माणूस शोधतो. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये १९८६ साली सासुरवाशिणींच्या पायात घातलेल्या लाकडी खोड्याबद्दल लिहिलं, तो खोडा बामणानं येऊन ठोकलेला नव्हता. आपल्या कविता, माझी धरून, ह्या खोड्यावरून उडी मारून पुढे जातात.

खटल्यात व्हिक्टरला सगळं ठाऊक असतं. लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसतो, वर जस्टीनपेक्षा आपलं दुःख मोठं असं सांगतो! तुरुंगात पाद्री तिला नरकाची भीती घालून घालून कबुलीजबाब काढून घेतो. ती सांगते की तो म्हणतो तशी राक्षस मीच असेन, असं मलाही वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला फाशी देतात. व्हिक्टरनं तोंड उघडलं नाही. राक्षसानंही नाही.