उरलेले चौसष्ट अध्याय

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव निघाले की 'स्मृतिचित्रे' आठवावे, हे योग्यच आहे. त्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत दुसरे मला तरी दाखवता येणार नाही. पण त्याच बाईंनी 'ख्रिस्तायना'चे चौसष्ट अध्याय रचले, ही गोष्ट आपण एका ओळीत उरकून टाकतो. आणि त्या ओळीचा सूरही असा की, पतीचे अपुरे राहिलेले काम साध्वीने पुरे केले, झाले! जणू अर्धी राहिलेली गोधडी कुणी चार टाके घालून संपवावी. हा सूर मला बरेच दिवस खटकत आला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. येशूचे चरित्र ओवीत सांगण्याचा त्यांचा संकल्प दहा-अकरा अध्यायांवर थांबला होता. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. म्हणजे पन्नाशी उलटलेली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली. टिळकांच्या हयातीत त्यांनी कविता केल्या होत्या, नाही असे नाही. पण फुटकळ कविता करणे वेगळे आणि एका महाकाव्याचा सहा-सातपट उरलेला भाग अंगावर घेणे वेगळे. दहा अध्याय आहेत आणि चौसष्ट व्हायचे आहेत, अशा कामाला 'उरलेले' हा शब्दच मुळात चुकीचा आहे.

टिळकांचा स्वभाव वाचकांना ठाऊक आहे. मनात आले की उठावे, घर सोडून चालू लागावे. १८९५ त त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो असाच, पत्नीवर आकाश कोसळवून. १९१७ त मिशनचे वेतन सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करला. आरंभ करण्याची शक्ती त्यांच्यापाशी अफाट होती. बाईंचा पिंड नेमका उलटा. सोवळ्याओवळ्याचे वेड असलेल्या वडिलांच्या घरात त्या वाढल्या. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या तत्काळ मागोमाग गेल्या नाहीत. पाच वर्षे अडल्या, रडल्या, भांडल्या, विचार केला, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत त्या धर्मात आल्या. एक विजेसारखा, दुसरी जात्यासारखी. महाकाव्याला वीज पुरत नाही.

येथे गोव्याच्या फादर स्टीफन्सची आठवण होते. १६१६ साली राशोलला छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' हेही ओवीबद्धच, आणि तेही साठी ओलांडल्यावर प्रसिद्ध झालेले. पण स्टीफन्सच्या पाठीशी शिक्षण होते, जेझुइट संघाचे पाठबळ होते. बाईंच्या पाठीशी काय होते? मुंबईला मुलींच्या वसतिगृहावरची देखरेख, पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराची, थकत चाललेले शरीर. एवढ्या धबडग्यात ओवीमागून ओवी रचायची म्हणजे दर सकाळी त्या कथेवर पुन्हा एकदा विश्वास ठेवावा लागत असणार. पतीने दाखवलेली श्रद्धा या लेखनात त्यांच्या स्वतःच्या मालकीची झाली, असे मला वाटते. प्रवचन ऐकून माणूस मान डोलावतो. तीच कथा स्वतःच्या शब्दांत सांगायची वेळ आली की, आपल्याला खरोखर काय पटले आहे हे कळते.

आता काव्य म्हणून बोलायचे. गोड बोलून उपयोग नाही. 'ख्रिस्तायना'तील कित्येक अध्याय नुसते कथानक पुढे ढकलतात. ओवी चालते, पण उडत नाही. टिळकांच्या उत्तम कवितेतली झेप येथे शोधू नये. चिकाटी हा माणसाचा गुण आहे, काव्याचा नव्हे. चौसष्ट अध्याय लिहिले म्हणून ते सारे चांगले ठरत नाहीत. मात्र जेथे आई येते, भुकेलेला येतो, गावाने बाहेर घातलेला येतो, तेथे ती ओवी एकदम घरची होते. तेथे बाई कुणाचे काम पुरे करीत नसतात.

आणि 'स्मृतिचित्रे'? टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, अशी चिरंजीव देवदत्तांची मागणी होती, तीतून ते पुस्तक निघाले. पहिला भाग १९३४ त आला. शेवटचा बाईंच्या हातून अपुराच राहिला. त्याला आपण 'साधेभोळे' म्हणतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, म्हणून सांगतो, त्यात भोळे काही नाही. प्रसंग कोठे तोडायचा, स्वतःची फजिती किती सांगायची, रडण्याच्या तोंडावर हसू कसे आणायचे, हे हात घासल्यावाचून येत नाही. तो हात अनेक ठिकाणी घासला गेला असेल. पण ओवीच्या चौकटीत वर्षानुवर्षे कथा सांगणाऱ्या बाईला गद्याचा मोकळेपणा इतका सहज सापडावा, याचे मला नवल वाटत नाही.

हे सारे मी का सांगत बसलो आहे? आमच्या करमाळ्यात निवृत्त झालेली माणसे अधूनमधून वह्या घेऊन माझ्याकडे येतात. कुणी कमलाभवानीवर ओव्या रचलेल्या असतात, कुणी उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावाच्या आठवणी लिहिलेल्या असतात. आपण वही न उघडताच म्हणतो, "वा! या वयात!" हे कौतुक नव्हे, ही दारातूनच केलेली बोळवण आहे. त्या माणसाला वही वाचून हवी असते. कोठे जमले, कोठे फसले ते ऐकायचे असते. लक्ष्मीबाईंच्या चौसष्ट अध्यायांचीही आपण अशीच दारातून बोळवण केली.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई गेल्या. 'ख्रिस्तायन' ग्रंथरूपाने निघाले ते १९३८ साली. वाचनालयात मिळाले तर या सुटीत आणा. सलग वाचू नका, कंटाळाल. टिळकांचा शेवटचा अध्याय मोठ्याने वाचा आणि न थांबता बाईंच्या ओव्यांत शिरा. जवळ एखादी म्हातारी असेल तर तिला ऐकायला बसवा. हात बदलल्याचे माझ्या कानाला चटकन कळले. कागदावरून नजर काढून ऐकले, तेव्हा सूर माजघरातून येत होता.