फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आणि स्मृतीचा प्रश्न

२०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला फळमाशीच्या मेंदूचा नकाशा (१,३९,२५५ चेतापेशी, सुमारे ५ कोटी सिनॅप्स) हे जीवशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या सहकार्याचे मोठे फलित होय. मात्र त्यामुळे स्मृतीचा उलगडा झाला, असे मानणे घाईचे ठरेल. हा नकाशा एकाच मादीच्या मृत मेंदूच्या कापांवरून सिद्ध झाला आहे. गंध व विजेचा धक्का यांची सांगड माशी शिकते, तेव्हा डोपामाइनमुळे काही सिनॅप्स दुर्बळ होतात. हे बळाबळ नकाशातून थेट वाचता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात वेरोनिका रॉड्रिग्ज व ओबैद सिद्दीकी यांनी गंधज्ञान बिघडलेल्या उत्परिवर्ती माश्या वर्तनावरूनच निवडल्या. ती वाट आजही अपरिहार्य आहे. शिवाय महाविद्यालयीन प्रयोगशाळेस परवडणारी तीच.